तांब्याच्या ऑक्साइडमधील अतिवाहकता

मुंबईतील महाविद्यालयात हा विषय शिकवताना मी यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडची काळी, ठिसूळ चकती द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवते. तिचे तापमान सुमारे ९२ केल्विनच्या खाली उतरले की ती अतिवाहक होते, म्हणजे तिच्यातून वीज विनारोध वाहू शकते, आणि तिच्यावर ठेवलेला छोटा चुंबक अलगद उचलला जाऊन हवेत तरंगू लागतो.

बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये अशा अतिवाहकतेचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्याहून विलक्षण वाटते ते हे, की या पदार्थांचे मूळ रूप विद्युतरोधक असते. परस्परांच्या तीव्र प्रतिकर्षणामुळे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंपाशी अडकून पडतात आणि शेजारशेजारचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण) उलट दिशांना राहतात. तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांतून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले, की ही चुंबकीय रचना मोडते आणि पुरेशा कमी तापमानाला इलेक्ट्रॉन जोड्या करून विनारोध वाहू लागतात.

या जोड्यांची सममिती डी-तरंग प्रकारची, म्हणजे दिशेनुसार चिन्ह बदलणारी असते, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. परंतु जोडी नेमकी कशाने जुळते, यावर अजून एकमत नाही. ती स्पिनच्या चढउतारांमुळे जुळते, हा पक्ष मला अधिक सबळ वाटतो, कारण केवळ जालकाच्या, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या मांडणीच्या, कंपनांनी ही सममिती सहजासहजी उलगडत नाही.