जानापाववरून मिथुन उल्कावर्षाव: ईशान्येला पाठ करून बसा

निकाल आधीच सांगून टाकतो. उल्का बघायला जानापाव चालतो, पण लोक सांगतात तो मिट्ट काळोख तिथे नाही. इंदूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, पठाराच्या कडेचा उंच डोंगर, परशुरामाचं जन्मस्थान, चंबळेचा उगम, एवढं ऐकलं की वाटतं वर गेल्यावर आकाशगंगा हाताला लागेल. प्रत्यक्षात उत्तरेला पीथमपूरच्या कारखान्यांचा पिवळट घुमट दिसतो आणि ईशान्येला महू-इंदूरचा त्याहून मोठा. 13 डिसेंबर 2025 च्या रात्री त्या दोन्ही दिशांना पंचवीस-तीस अंशांपर्यंत ठळक तारे तेवढे शिल्लक होते. दक्षिण मात्र खरोखर चांगली. निमाडच्या बाजूला अगस्ती सुद्धा स्वच्छ होता, आणि आपल्या अक्षांशावर तो जेमतेम पंधरा अंश वर येतो.

गोची अशी की मिथुन रास उगवते नेमकी ईशान्येला. पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळचा उल्कांचा उगमबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून फुटल्यासारख्या वाटतात ती जागा, इथे संध्याकाळी 7:20 च्या सुमारास क्षितिजावर येतो. नऊला तो 19 अंशांवर असतो, म्हणजे इंदूरच्या उजेडात बुडालेला. मध्यरात्री 57 अंश, आणि 2:25 ला जवळजवळ डोक्यावर, 80 अंश. जेवून नऊला वर येणारी आणि अकराला ‘काही दिसत नाही यार’ म्हणत उतरणारी मंडळी अगदी निवडून चुकीचे दोन तास घेतात.

‘तासाला 150 उल्का’ हा मथळा वाचून निघालात तर चिडचिड ठरलेली. तो आकडा उगमबिंदू थेट डोक्यावर आणि 6.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसणारं आकाश धरून काढतात (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). तुमच्या जागेचा हिशोब असा: 150 ला उगमबिंदूच्या उंचीच्या साइनने गुणा, मग आकाश 6.5 पेक्षा जितक्या प्रतींनी कमी पडतं, तितक्या वेळा 2.6 ने भागा. जानापाववर साधारण 5 प्रत मिळते. म्हणजे दीड प्रत कमी, भागायचं 4.2 ने. मध्यरात्री उत्तर येतं 30, आणि मोजणीही त्याच्याच आसपास भरली. नऊ वाजता तोच हिशोब 12 वर येतो. आता शहराच्या कडेची, 4 प्रतीचं आकाश असलेली गच्ची घ्या: मध्यरात्री तिथेही 12 च्या जवळपास. थोडक्यात, नऊला डोंगरावर असण्यापेक्षा बाराला घरच्या गच्चीवर, कानटोपी घालून बसलेलं बरं. आपलं आकाश किती प्रतीचं हे कळायला कृत्तिका बघा. सहा ठिपके सुटे दिसले तर 4.3 च्या पुढे आहात. नुसता धुरकट पुंजका दिसला तर डोळे अजून सरावलेले नाहीत किंवा जागा वाईट आहे.

बसायचं माथ्याच्या दक्षिण अंगाला, देवळाचे दिवे पाठीशी ठेवून. नजर पन्नास-साठ अंशांवर, मृग आणि व्याधाच्या पट्ट्यात. उगमबिंदूकडे टक लावून बघू नका, तिथल्या उल्का आखूड असतात. त्याच्यापासून चाळीसेक अंश दूर लांब रेघ मिळते. या उल्का सेकंदाला 35 किलोमीटर वेगाच्या, ऑगस्टमधल्या ययातीच्या उल्कांच्या मानाने संथ, त्यामुळे ‘ती बघ’ म्हणायला वेळ मिळतो. 2025 च्या त्या रात्री दोनच्या सुमारास चंद्र उगवला, म्हणून कामाची वेळ साडेअकरा ते दोन, एवढीच होती.

आता गाडी. स्वतःची असेल तर हा परिच्छेद सोडा, भाड्याची असेल तर दोनदा वाचा. ठरले होते 2,800, मागितले 4,500. कारण काय, तर ‘वेटिंग तो अलग लगेगी ना’. पण पैशांपेक्षा उजेडाने जास्त नुकसान केलं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि घालवायला एक हेडलाइट पुरतो. हल्लीच्या गाड्यांत इंजिन चालू असलं की पुढचे पांढरे दिवसाचे दिवे जळत राहतात. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून चालक झोपला की सगळा माथा उजळतो. दार उघडलं की आतला दिवा, किल्ली दाबली की चारही इंडिकेटर. म्हणून वर पोचल्याबरोबर गाडी देवळाच्या पलीकडे, तोंड उत्तरेकडे करून लावायला सांगा, आतला दिवा कायमचा बंद करून घ्या आणि चालकासाठी एक जादा रजई न्या. रजई हीटरपेक्षा स्वस्त पडते. भाडं ‘दुपारपासून सकाळी आठपर्यंत, वेटिंगसकट’ असं मोबाइलवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं डोंगरावर विसरलं जातं.

शेवटचा चढ उजेडात चढा. वळणं अरुंद आहेत. पहाटे तीनला उतरायचा मोह टाळा, दवाने रस्ता ओला असतो आणि झोप चालकालाही आलेली असते. रात्री थांबणार असाल तर देवळातल्या लोकांना आधी सांगून ठेवा.

दवाबद्दल कोणी काही सांगत नाही, आणि फोटोंची वाट तेच लावतं. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाला देऊन भोवतालच्या हवेहून थंड होते, मग हवेतली वाफ तिच्यावर बसते. अकरापर्यंत काही कळत नाही. साडेबाराला तारे फुगलेले दिसायला लागतात आणि माणूस फोकसशी झटापट करत बसतो. फोकस ठीक असतो, लेन्स ओली असते. पुसू नका, डाग पसरतो. हात गरम करायची पुडी रबरबँडने लेन्सच्या गळ्याभोवती पहिल्यापासूनच बांधा, आणि पुढे काळ्या कार्डशीटची चार-पाच इंच नळी करून लावा. रुंद लेन्सवर नळी कोपऱ्यात दिसते. तिथे पुडीवरच भागवा. सेटिंग साधं: 14 ते 24 मिमी, एफ 2.8, आयएसओ 3200, 15 सेकंद, एकामागून एक सलग. दुसरी बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत. अंथरायला खाली प्लास्टिक, वर घोंगडी. उलट केलंत तर घोंगडी दव पिते. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे तीन थर.

वर्षातल्या बाकीच्या रात्रींसाठी एवढा खटाटोप करायचा का? बहुतेक नाही. ऑगस्टच्या 12-13 चा ययाती उल्कावर्षाव माळव्यात पाऊस खातो. 2026 मध्ये त्या रात्री अमावास्या आहे म्हणून लोक उड्या मारतील, पण ढगांना अमावास्या कळत नाही. 3-4 जानेवारीच्या वर्षावाचं शिखर काही तासांचंच असतं, आणि 2026 मध्ये त्यावर पौर्णिमा. एप्रिलच्या 22 चा स्वरमंडळाचा वर्षाव तासाला अठराचा, तोही आदर्श आकाशात. अपवाद 5-6 मेचा, हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीचा कुंभ वर्षाव. त्याचा उगमबिंदू आकाशातल्या विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून युरोपपेक्षा आपल्याला चांगला मिळतो. वेळ पहाटे तीन ते साडेचार, तोंड पूर्व-आग्नेयेला. आदल्या संध्याकाळी धुळीचं वावटळ असेल तर जाऊ नका.

3 मार्च 2026 च्या खग्रास चंद्रग्रहणासाठी तर गाडी मुळीच करू नका. खग्रास भाग इथे चंद्र उगवायच्या आतच संपतो. साडेसहाच्या आसपास चंद्र कडा खाल्लेला उगवेल आणि 6:47 ला सुटेल. पूर्व मोकळी असलेली गच्ची पुरे.

पैसे आणि झोप खर्च करायची ती 2026 च्या मिथुन वर्षावावर. 13 आणि 14 डिसेंबर, दोन्ही रात्री चालतील, चंद्र अकराच्या आत मावळतो. रविवार-सोमवार आहे, रजा आतापासून टाका. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन निघायचं असेल तर आदल्या दिवशी खा, त्या दिवशी दुपारीच निघालात तर चढ उजेडात मिळेल.