एका छपराखाली: युद्धकाळातील लंडनचे रविवार

3 सप्टेंबर 1939 हा रविवार होता. पंतप्रधान चेंबरलेन यांनी सकाळी सव्वाअकरा वाजता रेडिओवरून ब्रिटन जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्याचे सांगितले, तेव्हा लंडनमधील बहुतेक चर्चमध्ये उपासना नुकतीच सुरू झाली होती. थोड्याच वेळात शहरभर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. तो इशारा खोटा ठरला, तरी पुढची जवळजवळ सहा वर्षे रविवारच्या उपासनेला कोणत्या परिस्थितीत उभे राहावे लागणार आहे, याची ती पहिली सूचना होती. या काळाविषयी मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आहे. वेगवेगळ्या पंथांच्या ज्या चर्चमंडळ्या एरवी एकमेकींच्या दारात पाऊल ठेवत नव्हत्या, त्यांचे युद्धाने काय केले, हा प्रश्न मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीचे बदल साधे, पण रोजच्या सवयीला धक्का देणारे होते. दिवे झाकण्याचा नियम आला आणि चर्चच्या प्रचंड खिडक्या काळ्या कापडाने झाकणे अनेक ठिकाणी अशक्य ठरले. त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळची उपासना दुपारी घेतली जाऊ लागली. मुले आणि अनेक माता खेड्यांकडे पाठवल्या गेल्या, तरुण सैन्यात गेले आणि बाकांवर मोकळ्या जागा दिसू लागल्या. जून 1940 मध्ये घंटा वाजवण्यास बंदी झाली, कारण घंटानाद हा यापुढे शत्रू उतरल्याचा इशारा मानला जाणार होता. इंग्लंडच्या रविवारचा आवाजच त्यामुळे बंद झाला. उत्तर आफ्रिकेतील एल अलामीनच्या विजयानंतर 15 नोव्हेंबर 1942 च्या रविवारी त्या एकदा वाजल्या आणि पुढे 1943 मध्ये बंदी उठली. राष्ट्रीय प्रार्थनादिनांना मात्र लोटच्या लोट आले. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आणले जात होते त्या वेळचा 26 मे 1940 चा रविवार त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. 8 सप्टेंबर 1940 चा प्रार्थनादिन आधीच जाहीर झाला होता आणि त्याच्या आदल्या दुपारी लंडनवरील मोठ्या बॉम्बहल्ल्यांना सुरुवात झाली, त्यामुळे त्या सकाळी पूर्व लंडनच्या गोदींवर धूर असतानाच लोक प्रार्थनेला गेले. संकटकाळात चर्च कायमची भरून गेली, असे पुष्कळदा भक्तिभावाने सांगितले जाते. मला ते पटत नाही. प्रार्थनादिनाची गर्दी पुढच्या रविवारी टिकतच असे, असे नाही. आले ते कोणत्या छपराखाली आले, हे मला अधिक बोलके वाटते.

कारण छपरेच उरत नव्हती. 29 डिसेंबर 1940 हाही रविवारच होता. सुट्टीमुळे जुन्या सिटी भागातील कचेऱ्या, गोदामे आणि उपासना आटोपलेली चर्च कुलूपबंद होती. संध्याकाळी सहानंतर आगलावे बॉम्ब पडू लागले, तेव्हा अनेक इमारतींत ते विझवायला माणूसच नव्हता. थेम्सला ओहोटी असल्याने बंबांना पाणीही पुरेसे मिळेना. क्रिस्टोफर रेनने सतराव्या शतकातील महाआगीनंतर बांधलेली सेंट ब्राइड्स, सेंट लॉरेन्स ज्यूरी, क्राइस्ट चर्च ग्रेफ्रायर्स अशी अनेक चर्च त्या एका रात्रीत जळाली. सेंट पॉल्स कॅथीड्रल वाचले, कारण त्याच्या छतांवर स्वयंसेवकांचे पथक पाण्याच्या बादल्या आणि हातपंप घेऊन रात्रभर पहारा देत होते. त्याच कॅथीड्रलची मुख्य वेदी ऑक्टोबरमधील बॉम्बने आधीच चिरडली होती. क्राइस्ट चर्च पुन्हा बांधले गेलेच नाही. आज तिथे मनोरा आणि भिंतींचे अवशेष आहेत आणि ज्या जागेत मंडळी बसत असे तिथे गुलाबाची बाग आहे. पूर्वी जिथे खांब होते, तिथे आता वेल चढवलेले लाकडी सांगाडे उभे आहेत.

होलबर्न व्हायाडक्टवरील सिटी टेंपलची हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. इंग्लंडच्या राजमान्य, म्हणजे अँग्लिकन, चर्चपासून वेगळे राहिलेल्या काँग्रिगेशनल परंपरेतील ते मोठे उपासनागृह होते. 16 एप्रिल 1941 च्या रात्री ते बॉम्बने उद्ध्वस्त झाले. त्याचे पाळक लेस्ली वेदरहेड स्वतः मेथडिस्ट या आणखी एका वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि तरुणपणी त्यांनी मद्रासमध्ये सेवा केली होती. बेघर झालेल्या या मंडळीला जवळच्याच सेंट सेपल्कर या अँग्लिकन चर्चने जागा दिली. याचे मोल समजण्यासाठी 1662 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या कायद्याने अधिकृत प्रार्थनापुस्तक पूर्णपणे न स्वीकारणाऱ्या पाळकांना त्यांच्या चर्चमधून बाहेर काढले होते आणि त्यांच्या वारसांना पुढे कित्येक पिढ्या विद्यापीठांपासून सरकारी पदांपर्यंत अनेक दारे बंद होती. ज्या परंपरेने त्यांना बाहेर घालवले, तिच्याच छपराखाली आता एक मेथडिस्ट पाळक काँग्रिगेशनल मंडळीसमोर उपदेश करीत होता. सिटी टेंपल पुन्हा उभे राहिले ते 1958 मध्ये. म्हणजे हा आसरा केवळ घाईगडबडीतल्या दोन-चार रविवारांपुरता नव्हता.

वेस्टमिन्स्टर ॲबीसमोरच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलच्या प्रशस्त तळघरात लोक रात्री झोपायला येत. तेथील पाळक डब्ल्यू. ई. सँगस्टर यांनी युद्धकाळातील रात्री कुटुंबासह त्याच तळघरात काढल्या आणि आपला डॉक्टरेटचा प्रबंधही तिथेच लिहिला. अंथरूण शोधत आलेल्या माणसाला कुणी त्याचा पंथ विचारत नव्हते.

परदेशी मंडळ्यांचे रविवार आणखी गुंतागुंतीचे होते. ऑस्टिन फ्रायर्स येथील डच चर्च सहाव्या एडवर्डने 1550 मध्ये निर्वासित प्रोटेस्टंटांना दिलेले होते. ते ऑक्टोबर 1940 मध्ये नष्ट झाले, तेव्हा खुद्द डच राणी विल्हेल्मिना लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होती. नॉर्वेचे राजे सातवे हाकोन रॉदरहाइथमधील नाविकांच्या नॉर्वेजियन चर्चमध्ये उपासनेला येत. व्हाइटचॅपलमधील सेंट जॉर्जेस या जर्मन लुथरन चर्चचे पाळक युलियुस रीगर हे नाझी राजवटीतून पळून आलेल्यांना आधीपासूनच मदत करीत होते. त्यांचे मित्र, नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1933 ते 1935 या काळात जिथे उपदेश केले, ती त्याच भागातील दुसरी जर्मन मंडळी. तिचे चर्च मात्र जर्मन बॉम्बनेच नष्ट झाले. शत्रूची म्हणून ओळखली जाणारी भाषा हीच ज्यांच्या प्रार्थनेची भाषा होती, त्या माणसांचा विचार मी पुन्हा पुन्हा करते.

18 जून 1944 च्या रविवारी सेंट जेम्स पार्कजवळच्या गार्ड्‌स चॅपलमध्ये सैनिक आणि त्यांचे नातेवाईक सकाळच्या उपासनेला जमले होते. वैमानिकरहित उडते बॉम्ब लंडनवर पडू लागून तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. अकरा वाजून गेल्यावर त्यांपैकी एक थेट चॅपलवर कोसळला आणि काँक्रीटचे छप्पर खाली आले. 121 माणसे मरण पावली. वेदीचा अर्धगोलाकार भाग तेवढा उभा राहिला आणि तिथे असलेले बिशप वाचले. वेदीवरच्या मेणबत्त्या ढिगाऱ्यापलीकडे तशाच जळत होत्या, असे सांगतात. तिथून चालत काही मिनिटांवरच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये त्याच वेळी तेथील पाळक मार्टिन लॉइड-जोन्स प्रार्थना करीत होते. बॉम्बचा घरघराट जवळ येऊन थांबला, स्फोट झाला आणि छताचा गिलावा धुळीसारखा लोकांवर पडला. ते क्षणभर थांबले आणि जिथे वाक्य सोडले होते तिथून त्यांनी प्रार्थना पुढे नेली. काहींना यात कठोरपणा दिसतो. मला तो दिसत नाही. भेदरलेल्या माणसांना त्या घडीला पाळकाचा ओळखीचा आवाजच हवा होता.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामधली भिंत मात्र सर्वांत जाड होती. इंग्लंडमधील कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल हिन्स्ले यांनी 1940 मध्ये ‘सोर्ड ऑफ द स्पिरिट’ (आत्म्याची तलवार) ही चळवळ सुरू केली. 21 डिसेंबर 1940 च्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांची आणि दोन्ही अँग्लिकन आर्चबिशपांची सही असलेले, न्याय्य शांततेविषयीचे पत्र आले, फ्री चर्चच्या, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या, प्रमुखांचीही त्यावर सही होती. मे 1941 मध्ये स्टोल थिएटरमध्ये संयुक्त सभा झाल्या. तिथे अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल यांनी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी असे सुचवले आणि हिन्स्ले यांनी ती सुरू केली. त्याच दिवसांत, 10 मेच्या रात्री, लंडनवर सर्वांत भीषण हल्ल्यांपैकी एक झाला. काही महिन्यांतच कॅथलिक अधिकाऱ्यांनी अशा सामुदायिक प्रार्थनेला आवर घातला आणि प्रोटेस्टंटांसाठी समांतर चळवळ वेगळी करावी लागली. सप्टेंबर 1942 मध्ये ब्रिटिश काउन्सिल ऑफ चर्चेस स्थापन झाली, ती कॅथलिकांवाचूनच. हिन्स्ले मार्च 1943 मध्ये वारले. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर वाटतो आणि ही संधी हातची गेली याचे वाईट वाटते.

मी अहमदनगरकडच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळीत वाढले. म्हणजे आमचे मूळ सिटी टेंपलप्रमाणेच काँग्रिगेशनल. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा आमच्यासारख्या मंडळ्या आणि अँग्लिकन एकाच चर्चमध्ये आले. त्यामुळे सेंट सेपल्करमध्ये बॉम्बमुळे जे घडले, ते आमच्याकडे विचारविनिमयाने आणि कायमचे घडले. कॅथलिकांनाही 1964 च्या व्हॅटिकन परिषदेच्या ठरावाने इतर ख्रिस्ती लोकांबरोबर प्रार्थना करण्याची मोकळीक मिळाली. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक आहे. तिच्या घरी राहायला गेले की रविवारी मी तिच्याबरोबर मिस्साला जाते आणि प्रभूची प्रार्थना आम्ही शेजारी उभ्या राहून मराठीतच म्हणतो. ख्रिस्तप्रसाद मात्र सहसा कॅथलिकांनाच दिला जातो, त्यामुळे त्याची रांग लागली की ती पुढे जाते आणि मी बाकावर बसून राहते. बेल यांनी 1941 मध्ये जी मागणी केली, तिच्या पुढची, ख्रिस्तप्रसादही एकत्र घेण्याची मागणी मला करावीशी वाटते, आणि ती मी मैत्रिणीच्या धर्मगुरूंकडे एकदा स्पष्टपणे केलीही आहे.