कँडीच्या पेराहेरात हत्ती टिपताना

श्रीलंकेतल्या कँडीच्या एसला पेराहेरात, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या (दाताच्या अवशेषाच्या) उत्सवी मिरवणुकीत, फोटो काढताना सगळ्यात छळतो तो हत्तीचा डोळा. कपाळापासून सोंडेपर्यंत झूल, तिच्यावर बारीक दिव्यांच्या माळा आणि डोळ्यांच्या जागी कापडाला दोन भोकं. आत काळ्यावर काळं. प्राण्यांचा डोळा ओळखणारं फोकस इथे हात टेकतं आणि सुळ्यावर नाहीतर एखाद्या दिव्यावर जाऊन बसतं. मी ते बंदच केलं. एकच फोकस-बिंदू भोकाच्या काठावर धरला की डोळा सापडतो.

तारखा चांद्र पंचांगावर ठरतात, जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्या पाच रात्री कुंबल, पुढच्या पाच रांदोली. कुंबलला गर्दी आणि थाट दोन्ही कमी, म्हणून सरावाला एक रात्र तिथे आणि खरी एक रांदोलीत, असं मी ठरवलं. मिरवणुकीचे रस्ते आधीच बंद होतात. चालत जाता येईल अशी खोली घ्या. फुटपाथवरच्या खुर्च्या विकत मिळतात. पैसे जास्त पडले तरी पहिलीच रांग धरावी. दंतधातूचा करंडक पाठीवर घेतलेला मानाचा हत्ती पांढऱ्या पायघड्यांवरून येतो, तेव्हा लोक हात जोडून उभे राहतात आणि मागच्याला फक्त पाठी दिसतात.

पहिल्या रांगेतून हत्ती तीन-चार मीटरवर असतो. ७०–२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स लावली तर नुसता कान येतो. २४–७०, एफ २.८ पुरते. ट्रायपॉड खोलीवरच ठेवा, उघडायला जागा नसते.

सुरुवातीला चाबूक फटकारणारे येतात, मग आगीचे गोळे फिरवणारे. आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील) आणि शटरचा वेग बसवून घ्यायला एवढा वेळ मिळतो. हत्ती संथ चालतो, पण सोंड आणि कान सतत हलतात. १/२५० सेकंदाला ते फोटोत थांबतात, नर्तकांना १/५०० लागतं. आयएसओ ऑटोवर, कमाल ६४००. झुलीवरचे दिवे फाटतात, म्हणजे नुसते पांढरेफटक येतात, आणि चेहरा काळा पडतो. अशा वेळी उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्मा, कमी घ्यायचा नि सावल्या नंतर उचलायच्या; फाटलेला दिवा परत मिळत नाही. एलईडीमुळे फोटोवर आडवे पट्टे आले तर आधी इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. तरीही राहिले तर १/१०० वर उतरा. तिथली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावरचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

मशालीत सुकं खोबरं जळतं. जवळून गेली की सगळं भगवं होतं, पुढच्याच क्षणी एलईडीचा निळसर उजेड. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सोय) दर फोटोला रंग बदलतो. मी तो ३४०० केल्विनवर बांधून रॉमध्ये (नंतर रंग बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो. खोबऱ्याच्या धुरात फोकस मागेपुढे धावतं. धूर विरेपर्यंत बटणावरचं बोट उचलायचं. ठिणग्या उडतात, तेव्हा भिंगावर साधा फिल्टर असू द्या.

फ्लॅश अजिबात नको. फोकसला मदत करणारा लाल दिवाही बंद करा, तो नेमका डोळ्यात जातो. ढोल, आग, गर्दी यांतून चालणाऱ्या जनावराला आपण आणखी दचकवायचं कशाला? हत्ती बिथरला तर खुर्च्यांच्या रांगेतून पळायला वाट नसते.

एसी खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की भिंगावर वाफ धरते. अर्धा तास आधी, पिशवीची चेन न उघडता, बाहेर ठेवा. पावसासाठी आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी पुरते.

शेवटच्या रात्रीनंतर दिवसाही पेराहेरा निघतो. डोळा हवा असेल तर हाच. उन्हात त्यात चमक येते, पापणीचे केस मोजता येतात. पायातली साखळीही तेवढीच ठळक दिसते. मी ती फोटोतून कापत नाही. सोंडेत भेरली माडाचं पान धरलेला हत्ती हवा असेल, तर मिरवणुकीआधी बांधलेल्या हत्तींकडे जा. माहुताला आधी विचारायचं आणि तो सांगेल त्याच बाजूला उभं राहायचं.