‘तुम्ही ग्राहकच नाही’: एका शिलाई मशीनच्या तक्रारीचा माझा अनुभव

कंपनीच्या वकिलांच्या लेखी जबाबात पहिल्याच पानावर होतं: तक्रारदार ही कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहक नाही, सबब तक्रार फेटाळावी. मी ते दोनदा वाचलं. बिल माझ्या नावाचं, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, बिघडलेलं मशीन माझ्या पडवीत. मग मी कोण?

मी घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल. २०२२ च्या दसऱ्याला पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून विजेच्या सर्वो मोटरवर चालणारं पॉवर मशीन घेतलं, टेबल-स्टँडसकट २८,५०० रुपयांना. मोटरला दोन वर्षांची वॉरंटी. तिसऱ्या आठवड्यात, ऐन दिवाळीच्या घाईत, टाका सुटायला लागला. सुई बदलली, दोरा बदलला, बॉबिन केस बदलली. मग मोटरच मध्येच बंद पडायला लागली. मार्चपर्यंत मेकॅनिक चार वेळा येऊन गेला. तो गेला की मशीन आठ-दहा दिवस नीट चालायचं, पुन्हा तेच.

माझी चूक इथे सांगून टाकते. पहिले तीन महिने मी फक्त फोन करत होते. दुकानदार ‘ताई, उद्या माणूस पाठवतो’ म्हणायचा आणि मी ठेवून द्यायचे. पहिल्या खेपेला मेकॅनिकने जॉबशीट, म्हणजे काय बिघडलं आणि काय केलं याचा कागद, दिली नाही, मीही मागितली नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात, ग्राहक पंचायतीचं काम बरीच वर्षं केलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘यातलं कागदावर काय आहे?’ बिल, वॉरंटी कार्ड आणि नंतरच्या तीन जॉबशीट. बस.

त्या दिवसापासून फोन बंद, लिहिणं सुरू. विक्रेता आणि कंपनी दोघांना ईमेल, शिवाय रजिस्टर पोस्टाने पत्र, पोहोचपावतीसकट. पत्रात मशीनचा नंबर, बिलाची तारीख, मेकॅनिक कधी आला, काय बदललं, आणि पंधरा दिवसांत मशीन बदलून द्या किंवा पैसे परत करा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, आदेश देणं तिच्या हातात नसतं. कंपनीने ‘तंत्रज्ञ पाठवून दुरुस्ती केली’ असं उत्तर दिलं. तेच उत्तर मी छापून फायलीत लावलं, कारण मशीन बिघडलं होतं हे त्यात आपसूक कबूल झालं होतं.

विक्रेत्याचं म्हणणं बिलाच्या तळाशी आधीच छापलेलं होतं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘न्यायक्षेत्र पुणे’, म्हणजे दावा करायचा तर पुण्यातच. मीही इतके दिवस हे दगडावरची रेघ समजत होते. गुरुजींनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून दाखवला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. दुसरं म्हणजे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. असती तर माझ्या आधीच्या कितीतरी जणींनी पुण्याच्या फेऱ्या वाचवल्या असत्या.

तक्रार जून २०२३ मध्ये दाखल केली. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, त्यात मी आरामात होते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, २०२५ पासून ते काम ई-जागृतीवर गेलं आहे. फॉर्म भरायला भाचा होता, पण खरा वेळ गेला कागद लावण्यात. कागदयादी, पान क्रमांक, प्रत्येक प्रतीवर सही, शपथपत्र. दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज जोडायचे तर त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब. (आता नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालंय.) ते नसेल तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते, दोन केले, विक्रेता आणि उत्पादक कंपनी. एकालाच धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. विक्रेत्याने नोटीस घेतली आणि आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फा आदेश झाला, म्हणजे त्याच्याशिवाय प्रकरण पुढे चालवायचं ठरलं. कंपनीचा जबाब एक्केचाळिसाव्या दिवशी आला. त्यात ते वाक्य.

त्यांचं म्हणणं असं: मशीन व्यापारी कारणासाठी घेतलं, आणि व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नसतो. पुरावा म्हणून त्यांनी माझंच उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र पुढे केलं. बँकेच्या कर्जासाठी काढलेलं, मीच हौसेने फायलीला जोडलेलं. वर असंही की माझ्याकडे ‘कामगार’ आहे. हे खोटंही नव्हतं. शेजारची एक मुलगी हुक-काजं करून देते, नगावर पैसे घेते. त्या रात्री मला वाटलं, संपलं.

पण कायद्यात ‘ग्राहक’च्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणात’ मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात याची उदाहरणं दिली आहेत: टाइपरायटर घेऊन स्वतः लोकांचं टायपिंग करून देणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, हे ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून बिघडत नाही. मशीन पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. गुरुजींनी तो परिच्छेद शोधून दिला तेव्हा मी टाइपरायटर खोडून मनात शिलाई मशीन लिहिलं.

पुराव्याच्या शपथपत्रात मी काही लपवलं नाही. मशीन मीच चालवते, घर याच कामावर चालतं, हुक-काजं करणाऱ्या मुलीला मशीनला हातही लावू देत नाही, उद्यम नोंदणी आहे आणि ती कर्जासाठी आहे. कंपनीने ‘व्होल्टेज कमी असल्याने मोटर बिघडली’ असंही म्हटलं होतं. त्याला उत्तर त्यांच्याच मेकॅनिकच्या जॉबशीटमध्ये होतं. तिन्हीवर ‘मोटर/कार्ड दोष’ (कार्ड म्हणजे मोटरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट), व्होल्टेजचा शब्द एकाही कागदावर नाही.

कायद्यात तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत, असलेली पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय. माझी दीड वर्षाहून जास्त चालली. कधी कंपनीच्या वकिलांना मुदत हवी, कधी सदस्य हजर नाहीत. प्रत्येक तारखेला एसटीने जायचं, रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, बघायचा, पुढची तारीख वहीत लिहून परत यायचं. भावजी म्हणायचे, अठ्ठावीस हजारांसाठी कशाला एवढं? तोवर माझं प्रवासभाडं मोजायचं मी बंद केलं होतं. युक्तिवादाच्या दिवशी माझी वेळ आली तेव्हा घसा कोरडा पडला. मी टाइपरायटरचा परिच्छेद आणि तीन जॉबशीट दाखवल्या आणि खाली बसले. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

निकाल २०२५ च्या जानेवारीत लागला. मी ग्राहक ठरले. मशीनचे पैसे सहा टक्के व्याजाने परत, मानसिक त्रासापोटी ५,००० आणि खर्चापोटी ३,००० रुपये. दोघा सामनेवाल्यांनी वैयक्तिक आणि संयुक्तरीत्या, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही घेता येईल अशी, ४५ दिवसांत. बुडालेल्या कामाचे ६०,००० मागितले होते, ते साफ नाकारले. कारण बरोबरच होतं. किती ब्लाउज परत गेले, किती गिऱ्हाइकं तुटली, याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

४५ दिवस गेले, पैसे नाहीत, अपीलही नाही. मी पुन्हा रजिस्टर पत्र टाकलं, आदेशाची प्रत जोडून, ग्राहक कायद्याच्या कलम ७२ चा उल्लेख करून. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दरखास्तीचा, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याच्या अर्जाचा, मसुदाही तयार ठेवला होता. तो वापरावा लागला नाही, नवव्या दिवशी कंपनीने सगळी रक्कम खात्यात भरली.

पुढच्या आठवड्यात मशीन न्यायला टेम्पो आला. पोराने चलन पुढे केलं, ‘ताई, इथे सही करा.’ मी आधी माझा कागद काढला: मशीन नंबर अमुक, टेबल-स्टँडसकट, चालू स्थितीत नाही, आज ताब्यात मिळालं. त्याच्या सहीनंतर मी माझी केली आणि मोबाइलवर दोन्हींचा फोटो काढला.