ताकाची बाटली

आमच्या लेबर रूमच्या फ्रीजमध्ये ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनांशेजारी माझी ताकाची बाटली असायची. खोटं कशाला बोलू? लातूर जिल्ह्यातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, एप्रिलचं ऊन, डबे ठेवायला दुसरी जागा नाही. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचं, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहतो. ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं, गरम झालं की त्यातला जोर जातो. हे सगळ्या सिस्टरना पाठ होतं. पण डब्यासाठी फ्रीज दिवसभर उघडझाप, वर लाइट जायची ती वेगळीच.

आधीच्या साहेबांनी यावर मेमो काढले होते. माझ्या एकटीच्या फाइलला तीन आहेत. मेमो आला की आठ दिवस डबे खिडकीत, नवव्या दिवशी परत फ्रीजमध्ये.

२०१५ च्या पावसाळ्यात, खरं तर पाऊस न झालेल्या पावसाळ्यात, नवे अधीक्षक आले. पहिल्याच राउंडला सर वॉर्ड सोडून सरळ मागच्या संडासाकडे गेले. दाराला कुलूप.

"किल्ली कुणाकडंय?"

कुणी बोलेना. शेवटी सफाईच्या मावशी पुढं आल्या. "माझ्यापाशी हाय की, सर. पर टाकायला पाणी कुठंय?"

मला वाटलं, मावशींची आता काही खैर नाही. सर म्हणाले, "दिवसाला किती घागरी लागतील, मावशी?" मावशींनी बोटांवर हिशेब केला आणि चाळीस सांगितल्या. टँकरसाठी तहसीलला जे पत्र गेलं त्यात तोच आकडा होता. दोन टाक्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून आल्या. पुढच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमचा संडास उघडा होता. त्या आधी पोटुशा बायका कंपाउंडच्या मागं जायच्या. आम्ही ते रोज बघत होतो.

माझ्या बाटलीची पाळी दुसऱ्या आठवड्यात आली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सरांनी विचारलं भलतंच, "सिस्टर, तुम्ही जेवता कुठं?" आम्ही जेवायचो ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या खोलीत, स्टुलावर. चार दिवसांनी ड्युटी रूममध्ये एक जुना फ्रीज आला, सरांच्या घरचा. दारावर त्यांच्या पोरानं चिकटवलेले क्रिकेटवाल्यांचे स्टिकर तसेच. लेबर रूमच्या फ्रीजवर कागद लागला, रोज दोनदा तापमान आणि सही. महिनाभर सर स्वतः येऊन तो बघत. एकदा माझा रकाना कोरा होता. काही बोलले नाहीत, खिशातला पेन काढून हातात दिला. तीन मेमोंनी वाटली नव्हती इतकी लाज त्या पेनानं वाटली.

सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेला गुण आणि बक्षीस देणारी केंद्राची कायाकल्प योजना त्याच वर्षी सुरू झाली. पात्र ठरायला ७० टक्के गुण लागतात. दुसऱ्या वर्षी आम्ही तिथं पोचलो.

सर देवमाणूस वगैरे नव्हते. क्लार्कवर असे खेकसायचे की तो बिचारा डबा अर्धा ठेवून उठायचा. औषधांच्या प्रत्येक इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही त्यांचीच लागे. ते रजेवर गेले की गोळ्या अडकायच्या. हाताखाली कुणाला तयार केलं नाही, हा त्यांचा दोष मी तोंडावर सांगितला होता. निरोप समारंभात सांगितला, म्हणजे उशीरच.

सरकारी नोकरीत २००५ च्या बदली कायद्यानं एका जागी साधारण तीन वर्षं मिळतात. आमच्याकडं लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाचं उदाहरण देतात. डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी ते १९६६ मध्ये सुरू केलं आणि आयुष्य तिथंच घातलं. आमच्या सरांची पेटी २०१८ ला उचलली गेली.

मी आता रिटायर आहे. मागच्या महिन्यात बीपीच्या गोळ्यांना गेले होते, तेव्हा लेबर रूममध्ये डोकावले. संडास उघडा होता, पाणीही होतं. फ्रीजवरचा कागद नवा, रकाने भरलेले, सगळीकडं ५ अंश. नीट बघितलं तर उद्याच्या तारखेपुढंही ५ लिहून सही करून ठेवलेली.

मी दार उघडून बघितलंच. ताकाची बाटली तरी नव्हती.