गोळी घेतली, पण रक्तात पोचली का?

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, मिळणाऱ्या टीएलडी या एचआयव्हीवरच्या औषधाच्या बाटलीत सहसा तीस गोळ्या असतात. एका गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ५०. देशात हे औषध सरकारकडून २००४ पासून फुकट मिळतं आणि २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा काउंट) कितीही असला तरी निदान झालं की सुरू करतात. ‘काउंट उतरू दे, मग बघू’ असं अजून कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका.

गोळी रोज, ठरल्या वेळी घेऊनही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, वाढलेला निघतो, तेव्हा सगळे रुग्णाकडेच संशयाने बघतात. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पित्तावर काय घेता?

मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असलेलं पातळ अँटासिड गोळीबरोबर पोटात गेलं की डॉल्युटेग्रॅव्हिर त्या धातूंना चिकटून बसतं आणि रक्तात फारच कमी उतरतं. म्हणून टीएलडी अँटासिडच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या पित्तावरच्या गोळ्यांची अशी अडचण नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, पण पोटभर जेवणाबरोबर घेतल्या तर टीएलडी सोबत चालते. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. सकाळी चहावर तिन्ही गोळ्या एकदम गिळायची सवय तिथेच मोडली पाहिजे. एरवी टीएलडी हुमण-भातावर घ्या नाहीतर उपाशीपोटी, फरक पडत नाही. झोप उडत असेल तर सकाळी घ्या.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन डॉल्युटेग्रॅव्हिरमुळे रक्तात वाढतं, म्हणून ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असेल तर उलट डॉल्युटेग्रॅव्हिर कमी पडतं. अशा वेळी बारा तासांनी नुसत्या डॉल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतात. गावातल्या डॉक्टरला एचआयव्हीचं ठाऊकच नसेल तर यातलं तो काय सांभाळणार? लोक का लपवतात ते कळतं. याच गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही असल्यामुळे डांबून ठेवलं होतं. आज २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाच्या बाजूने आहे: कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर त्याच्या संमतीशिवाय हे कुणालाही सांगता येत नाही. निदान आपल्या डॉक्टरला तरी सांगाच.

लपवण्यापायी बाटलीचेही हाल होतात. खिशात, पर्समध्ये ती खुळखुळते, म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधल्या जातात. आषाढ-श्रावणातल्या आपल्या दमट हवेत हे नकोच. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी आत राहू द्या आणि झाकण घट्ट लावा.

जहाजावर जाणाऱ्या तारवटींनी कॉन्ट्रॅक्ट हातात येताच सेंटरवर बोलावं. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात; त्याहून लांबच्या सफरीची तजवीज निघायच्या आदल्या दिवशी होत नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, सामानात टाकायच्या नाहीत. मुक्कामच दुसऱ्या गावी हलवत असाल तर तिथल्या एआरटी सेंटरवर ट्रान्सफर करून घ्या. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम कधीच नाही. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी मनाने औषध बंद केलं तर यकृताला जोराची सूज येऊ शकते, कारण यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात.

व्हायरल लोड सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा बघतात. १००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. समुपदेशन करून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. त्या वेळी घरात चालू असलेली सगळी औषधं, पित्ताची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून समुपदेशकासमोर ठेवा.