दहा विधाने आणि संध्याकाळची गिनती : कारागृह कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नावली तयार करताना आलेला अनुभव

मानसशास्त्रातील पीएच.डी.साठी कारागृह कर्मचाऱ्यांची नोकरी आणि घर यांमधील ओढाताण मोजायचे मी ठरवले, तेव्हा मोजण्याचे साधन तयारच आहे, ते फक्त मराठीत आणायचे आहे, अशी माझी समजूत होती. रिचर्ड नेटमायर, जेम्स बोल्स आणि रॉबर्ट मॅकमुरियन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली मापनश्रेणी या विषयात सर्वत्र वापरली जाते. तिच्यात अवघी दहा विधाने आहेत. नोकरीमुळे घराला बसणाऱ्या झळीबद्दल पाच, घरामुळे नोकरीला बसणाऱ्या झळीबद्दल पाच, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत सात पर्याय. अमेरिकेत एरिक लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारागृह कर्मचाऱ्यांच्या याच ओढाताणीवर बरेच काम केलेले होते, त्यामुळे वाट मळलेली आहे असेही वाटत होते. त्या दहा विधानांनी माझे दीड वर्ष घेतले.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगते. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने अर्ज राज्याच्या कारागृह विभागाकडे करावा लागतो. तो केला, त्रुटींची पत्रे आली, त्यांची उत्तरे दिली आणि यथावकाश परवानगी मिळाली. त्याआधी आमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला विचारले होते की, ज्या खात्यात वरिष्ठाचा शब्द म्हणजे हुकूम, तिथल्या शिपायाने फॉर्म भरला तर त्याला स्वेच्छा म्हणायचे का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा श्रेणीबद्ध व्यवस्थेतील कनिष्ठांना विशेष संरक्षण द्यावे असे म्हटलेले आहे, हे मला पाठ होते. मी फॉर्मवर ‘सहभाग ऐच्छिक आहे’ असे ठळक अक्षरांत छापले आणि प्रश्न मिटला असे मानले.

भाषांतर रीतसर झाले. एकीने इंग्रजीतून मराठी केले, मूळ श्रेणी न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने मराठीवरून पुन्हा इंग्रजी केले, आणि दोन्ही इंग्रजी पाठ इतके जुळले की मार्गदर्शक मॅडमनीही समाधान व्यक्त केले. पहिल्याच विधानात ‘माझ्या कामाच्या मागण्यांमुळे घरच्या आयुष्यात अडथळा येतो’ असे लिहिले होते. एका मध्यवर्ती कारागृहात पहिल्या चाचणीसाठी बसले असताना एका शिपायाने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि शांतपणे विचारले, “मॅडम, मागण्या कुणाच्या? आमच्या की सरकारच्या?” मला काही क्षण प्रश्नच कळला नाही. मराठीत मागण्या मोर्चाच्या असतात, संघटनेच्या असतात, त्या मान्य होतात किंवा फेटाळल्या जातात. काम काही माणसाकडे मागण्या करत नाही. फॉर्मच्या शीर्षकातील ‘कार्य-कुटुंब संघर्ष’ हे शब्द पाहून दुसऱ्याने तर घरात भांडणे होतात का, हेच विचारायचे आहे असे गृहीत धरले होते. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करण्याच्या पद्धतीत ही चूक सापडणे शक्यच नव्हते, कारण दोन्ही भाषांतरकार इंग्रजी जाणणारे होते आणि ‘मागण्या’ हा शब्द पाहताच त्यांच्या मनात मूळ इंग्रजी शब्द आपोआप उभा राहत होता. एवढ्या जुळणाऱ्या पाठांवर विश्वास ठेवल्याची मला आजही थोडी लाज वाटते.

मग मी पद्धत बदलली. काही कर्मचाऱ्यांसोबत एकेक विधान वाचायचे आणि ‘यातून तुम्हाला काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढेच विचारायचे. ‘कामाच्या मागण्या’ जाऊन ‘ड्युटीमुळे’ आले, ‘संघर्ष’ जाऊन शीर्षक ‘नोकरी आणि घर’ झाले, ‘सहमत’च्या जागी ‘पटते’ आले. ‘किंचित असहमत’ आणि ‘काहीसा असहमत’ यांतला फरक कोणालाच सांगता येईना, म्हणून सातांचे पाच पर्याय केले. यामुळे माझ्या सरासऱ्या परदेशी अभ्यासांतील सरासऱ्यांशेजारी थेट ठेवता येणार नाहीत, ही किंमत मी जाणूनबुजून मोजली.

पुढचा धक्का दुसऱ्या एका कारागृहात बसला. मी पोहोचण्यापूर्वीच एका अधिकाऱ्यांनी अतिशय सद्भावनेने हजेरीच्या वेळी फॉर्म वाटून, भरून घेऊन, गठ्ठा बांधून ठेवला होता. एकाने दहाही विधानांपुढे पहिल्या रकान्यात खूण केली होती, दुसऱ्याने सगळीकडे दुसऱ्या, तिसऱ्याने सगळीकडे चौथ्या; खुणा इतक्या सरळ उभ्या रेषेत होत्या की पट्टी लावून केल्यासारख्या दिसत होत्या. गंमत अशी की, संगणकावर टाकल्यावर प्रश्नावली किती विश्वसनीय आहे ते सांगणारा ‘क्रॉनबाख अल्फा’ हा आकडा उत्तम आला. तो येणारच होता. एकाच माणसाची उत्तरे आपापसांत जितकी जुळतील तितका अल्फा वाढतो, आणि न वाचता उभी रेघ ओढणाऱ्याची उत्तरे पूर्ण जुळतात. मूळ दहाही विधाने एकाच दिशेची आहेत, एकही उलट अर्थाचे नाही, त्यामुळे असा फॉर्म आतून पकडण्याची सोय नव्हती. तो गठ्ठा मी बाजूला ठेवला. समितीतल्या प्राध्यापकांचा प्रश्न मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजला. त्यानंतर फॉर्म मी स्वतः, ड्युटी संपल्यावर, वसाहतीच्या मंदिराजवळच्या ओट्यावर बसून देऊ लागले. नाव नाही, सोबत पाकीट, आणि भरायचा नसल्यास कोराच पाकिटात घालून बंद करण्याची मुभा. हुद्द्याचे रकानेही एकत्र केले, कारण ज्या कारागृहात अधीक्षक एकच असतो तिथे ‘अधीक्षक’ असे लिहिणे म्हणजे सही करण्यासारखेच आहे.

ड्युटी संपल्यावर म्हणजे नेमके केव्हा, हेही शिकावे लागले. कागदावर पाळी संपते, परंतु संध्याकाळी बराकी बंद होऊन कैद्यांची गिनती जुळल्याशिवाय कोणी हलत नाही. एक डोके कमी भरले की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात कैदी होते ५,७३,२२०. हे आकडे मी प्रस्तावनेत कधीच लिहून टाकले होते, परंतु त्यांचा अर्थ त्या ओट्यावर वाट पाहताना कळला. एका शिपायाची मुलगी वह्यांची पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसली होती. वडील कधी येतील असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, “टोटल मिळाली की.”

घरामुळे नोकरीत अडथळा येतो का, या पाच विधानांवर मात्र जवळजवळ सर्वांनी ‘अजिबात पटत नाही’ असेच सांगितले. सुरुवातीला मी याला भीती मानले; घरामुळे कामात हयगय होते असे लिहून देणे म्हणजे मेमो ओढवून घेणे. ते कारण होतेच. परंतु एकाने सांगितलेले कारण अधिक साधे होते. मोबाइल गेटवर जमा होतो, त्यामुळे घरचे काही आत पोहोचतच नाही. मुलाला ताप आल्याचे बाहेर आल्यावर कळते. घर आत येऊ शकत नाही म्हणून अडथळा शून्य, आणि माझ्या तक्त्यात ती समाधानकारक स्थिती म्हणून नोंदली जात होती.

जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल यांनी १९८५ मध्ये या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले होते : वेळेमुळे होणारी, ताणामुळे होणारी आणि वागण्याच्या सवयींमुळे होणारी. तिसरा प्रकार माझ्या दहा विधानांत नव्हता, आणि मला तो फारसा महत्त्वाचा वाटलाही नव्हता. एका सुभेदारांच्या पत्नीने चहा देता देता सांगितले की, हे रात्री दाराची कडी तीनदा हलवून पाहतात, लग्नाला गेले तर पंगतीतली माणसे मोजतात, आणि मुलाला हाक मारण्याऐवजी नाव पुकारतात. सुभेदार हसले, पण त्यांनी नाकारले नाही. डॉन कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००० च्या श्रेणीतील सवयींविषयीची तीन विधाने मी त्यानंतर जोडली. छोटी श्रेणी निवडल्याचा पश्चात्ताप झाला, हे कबूल करायला हवे.

ओढाताणीचे सर्वांत कमी गुण ज्यांना मिळाले ते एक हवालदार होते. पाकीट बंद न करताच त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि सगळीकडे ‘अजिबात पटत नाही’ का लिहिले तेही सांगितले. बायको, मुले, आई सगळे गावी; मुलांची शाळा मोडू नये म्हणून बारा वर्षे असेच चाललेले; रजा मिळाली की दीड-दोन महिन्यांनी एक चक्कर. “घरी जायला उशीर होतो का, असं विचारलंय मॅडम. इथं घरच नाही, तर उशीर कशाला?” त्यांनी प्रत्येक विधान नीट वाचून खरेखुरे उत्तर दिले होते. माझ्या हिशेबात ते त्या कारागृहातील सर्वांत निवांत कर्मचारी ठरत होते.

ड्युटी संपल्यावर माणूस कुटुंबात परत जातो, हे गृहीत धरून ही श्रेणी लिहिलेली आहे. मी पहिल्या विधानाच्या आधी एक प्रश्न घातला : कुटुंब सध्या कुठे राहते? वसाहतीत सोबत, याच शहरात अन्यत्र, किंवा गावी, असे तीन पर्याय दिले आणि गावी कुटुंब असलेल्यांचे विश्लेषण वेगळे करायचे ठरवले. सुधारित फॉर्म ज्यांना पहिल्यांदा दिला त्या महिला शिपाई बराच वेळ पेन धरून बसल्या. मुलगा त्यांच्या आईकडे गावी होता आणि नवरा दुसऱ्या जिल्ह्यात पोलिसात. खूण कुठे करू, असे त्यांनी विचारले. त्या रात्री मी तिन्ही पर्यायांच्या खाली एक रिकामी ओळ वाढवली.